देवपूरचं तळघर आणि अक्काचा हात

सरळ सांगते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. धुळे-जळगावच्या बाजारांत भोंदूबाबांविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी आहे मी... मजकूरही माझाच असतो. तरीही हे लिहितेय, कारण घडलेलं लपवलं तर माझ्यात आणि त्या बाबांत फरक काय?

देवपूरला माझ्या काकांचं, नानांचं, घर आहे. खाली तळघर. तिथं वीस वर्षं त्यांची थोरली बहीण राहिली. माझी आत्या, पण सगळे तिला अक्काच म्हणतात. विधवा. उजव्या हाताचं मधलं बोट कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेलेलं. आजोबांनी मरताना नानांकडून वचन घेतलं होतं — अक्का जिवंत आहे तोवर तळघर तिचं. दर दिवाळीआधी ती त्याच्या भिंती पांढऱ्या मातीनं हातानं पोतारायची.

मग एका दलालानं नानांच्या डोक्यात भरवलं, "नाना, तळघर मॉडर्न करा. टाइल्स, पीओपी, लायटिंग... खाली पैसा लावा, वरच्या अख्ख्या घराचा भाव चढतो."

झालं! "अक्का, पंधराच दिवस सोनगीरला राहा. रंग वाळला की न्यायला येतो." असं सांगून नाना तिला आमच्या दारात सोडून गेले. महिन्याभरात अक्का पडली, खुब्याचं हाड मोडलं, खाटेला खिळली. नाना बघायलाही आले नाहीत. घर मात्र विकायला काढलं!

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी मुद्दाम गेले होते. त्याच्यासमोर वचनाचं बोलून सौदा मोडायचा होता मला. लपवत नाही. वैशाखातली भर दुपार. दलाल जिना उतरत म्हणत होता, "बघा साहेब, बाहेर आग, अन् खाली कूलरची गरजच..."

तो थांबला.

गुळगुळीत राखाडी भिंतीवर पांढऱ्या मातीचे ओले, अर्धगोल फराटे. पोतारल्यासारखे. आणि प्रत्येकात मधल्या बोटाची जागा कोरी.

नाना माझ्यावर धावले. "तूच केलंस हे!"

मी दोन्ही हात पुढे केले. "मोजा नाना. माझी दहा आहेत."

गिऱ्हाईक गेलं. मला वचनाचा शब्दही काढावा लागला नाही.

सोनगीरला परतले तर अक्का झोपलेली... उजवा हात मनगटापर्यंत पांढरा, नखांत ओली माती. आमचं घर सिमेंटचं. असली माती घरात नाही. आई दिवसभर तिच्या उशाशी होती. म्हणाली, "हलली नाही गं ती जागची."

नानांनी पुन्हा रंग दिला. दुसरं गिऱ्हाईक, पुन्हा तेच. तिसरं, तेच. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, भिंत ठणठणीत कोरडी आहे.

शेवटी नाना आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून खालमानेनं म्हणाले, "अक्का, चाल घर."

अक्कानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "व्हयनात का रे तुना पंधरा दिन?" झाले का तुझे पंधरा दिवस, एवढंच विचारून तोंड भिंतीकडे वळवलं.

नानांनी परत रंगारी बोलावलाय. घर अजून विकलेलं नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधलं, मिळालं नाही... आता मीही फार खोदत नाही. देवपूरला गिऱ्हाईक येणार असं कळलं की मी अक्काच्या उशाशी तांब्या भरून ठेवते. हात धुवायला.