दिलीपची ओळख करून देताना

किस्से जमवायला फार काही करावं लागत नाही. एकसष्टाव्या वर्षी लग्न करावं आणि ज्यांना त्याचा पत्ताच नाही अशा जुन्या मित्रमंडळींकडे मुक्कामाला जावं. दारातून आत शिरेपर्यंत एक किस्सा तयार होतो, निघताना दुसरा. या उन्हाळ्यात आम्ही दोघं बडोद्याहून गाडीने निघालो आणि तळ्याकाठची चार गावं केली. परत आलो तेव्हा सगळ्यांना वाटायला नेलेला लीलो चेवडा, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, संपला होता, आणि सांगण्यासारखं इतकं साठलं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना.

आधी ओळखी करून देते, म्हणजे घोटाळा नको. माझे पहिले मिस्टर, शरद, जाऊन सहा वर्षं झाली. बडोद्यात समा भागातल्या आमच्या सोसायटीत पाच घरांचा एक रविवारचा ग्रूप होता. पत्ते, बटाटेवडे, पावागढच्या ट्रिपा, भांडणं, सगळं एकत्र. रिटायर झाल्यावर आमच्याखेरीज सगळे पांगले. कोणी आपल्या मूळ गावी गेलं, कोणी मुलाकडे. आणि योगायोग असा, की चारही घरं राजस्थानात तळ्यांच्या काठी जाऊन बसली.

दिलीपला यातल्या कोणीच पाहिलं नव्हतं. तो बडोद्यातल्याच वाडी भागातला. प्रतापनगरला रेल्वेत जन्मभर नोकरी केली, बायको बरीच वर्षं आजारी राहून गेली. सकाळी फिरायला जाताना आमची ओळख झाली आणि यंदाच्या हिवाळ्यात आम्ही रजिस्टर लग्न केलं. मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, फारच छान. फक्त मामाला तूच सांग."

ग्रूपला मात्र फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना. शरद त्यांचाही होता. तेव्हा समोर बसूनच सांगायचं ठरवलं आणि फोनवर एवढंच म्हटलं, "गाडीने येतेय. सोबत आहे, काळजी करू नका."

*

सराव घरीच झाला होता. लग्नानंतर दिलीप माझ्याकडे राहायला आला आणि दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. पाहुण्यांची गाडी आत किती दिवस ठेवायची याचा आमच्याकडे नियम आहे.

"महेमान क्यां सुधी छे?" त्यांनी दिलीपलाच विचारलं.

"मी पाहुणा नाही. इथेच राहतो."

"तो भाडुआत छो?"

भाडेकरूचाही नियम आहे. दिलीपने चष्मा पुसला, परत घातला आणि आपल्या वाडीतल्या गुजरातीत शांतपणे सांगितलं, "ना. वर छुं."

सेक्रेटरींनी त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जिना उतरून गेले. वरांसाठी नियम नव्हता.

*

पहिला मुक्काम डुंगरपूर. मृदुलाबेन आणि किरीटभाईंचं घर तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. मृदुलाबेननी दारातच मला मिठी मारली, डोळे पुसले, सोफ्यावर बसवलं. पाणी आणता आणता म्हणाल्या, "ड्रायव्हरभाई माटे चा बहार मोकलुं?"

ज्यांना चहा बाहेर पाठवायचा ते ड्रायव्हरभाई तेव्हा डिकीतून माझी बॅग काढत होते.

"ते ड्रायव्हर नाहीत, मृदुलाबेन. माझे मिस्टर आहेत."

"मिस्टर तो गुजरी गया ने?"

"ते शरद. हे दिलीप."

मृदुलाबेन समोरच्या खुर्चीत बसल्या. मला द्यायला आणलेलं पाणी त्या स्वतःच प्याल्या. माझ्या मनात आलं, संपलं सगळं, आता उठावं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तो चा अंदर ज लावुं."

*

किरीटभाईंना आता जवळजवळ ऐकू येत नाही. कानातलं मशीन ते ड्रॉवरमध्ये ठेवतात. दिलीप त्यांना फार आवडला. दिवसभर दोघं बाहेर झोपाळ्यावर बसून गाड्यांबद्दल बोलत होते, म्हणजे किरीटभाई बोलत होते. मृदुलाबेननी त्यांना माझ्या लग्नाचं मोठ्याने समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. झालं, एक घर पार पडलं असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी निघताना ते गाडीपाशी आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीतून वाकून दिलीपला म्हणाले, "बेनने संभाळीने लई जजो. एमने हवे कोई नथी."

यांना जपून न्या, यांना आता कोणी नाही. मृदुलाबेननी कपाळाला हात लावला. मी काही बोलणार एवढ्यात दिलीपने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "हो जी. सांभाळीन."



*

मृदुलाबेन निघताना म्हणाल्या होत्या, "हुं कोईने नहीं कहुं." आमच्या ग्रूपमध्ये त्या म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. सोसायटीत कोणाकडे कसली भाजी झाली हे त्यांच्याकडून कळायचं. तेव्हा उदयपूरला पोचेपर्यंत सगळ्यांना समजलं असणार, आपलं काम सोपं झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. फत्तेसागरच्या मागे श्रीकांत मान्यांच्या दाराची बेल वाजवली. त्याच्या बायकोने, नीलिमाने, दार उघडलं आणि दिलीपकडे पाहून मला विचारलं, "हे कोण?"

मृदुलाबेननी खरंच कोणाला सांगितलं नव्हतं. अख्ख्या प्रवासात मला इतका धक्का दोनदाच बसला, त्यातला हा एक.

*

श्रीकांतची मला काळजी नव्हती. विधवांच्या लग्नावर तो गणपतीच्या कार्यक्रमात दोनदा बोललेला माणूस. शेवटी टाळ्या मी वाजवायचे, शरद वाजवायचा. त्याला सांगितल्यावर तो "छान, छान" म्हणाला आणि पेपर घेऊन बाल्कनीत गेला. जेवताना दिलीपशी एक शब्द नाही. मग गाद्या घालायची वेळ आली तेव्हा स्वतः उठून म्हणाला, "वहिनी, तुम्ही आणि नीलिमा आतल्या खोलीत. दिलीप आणि मी इथे हॉलमध्ये."

नीलिमाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. एकसष्टाव्या वर्षी "मला माझ्या नवऱ्याजवळ झोपायचंय" असं भरल्या घरात कोण म्हणणार? मुकाट्याने आत गेले.

सकाळी पोहे वाढताना नीलिमाने सहज विचारलं, "झोप लागली का दिलीपराव?"

"नाही," दिलीप म्हणाला. "श्रीकांत फार घोरतो. एरवी चाललं असतं, पण माझं लग्न काही त्याच्याशी झालेलं नाही."

नीलिमाच्या हातातला डाव पातेल्यात पडला. श्रीकांतने पोहे संपवले, ताट उचललं, मोरीत ठेवलं. मला वाटलं, आता हा आम्हाला गाडीपर्यंत पोचवतो. तो परत आला आणि माझ्यासमोर बसला.

"वहिनी, मी भाषणं केली ती खरी होती. पण शरदची बायको म्हणजे... मला जमत नाहीये. थोडा वेळ द्या."

एवढा मोठा माणूस, रडायचाच बाकी होता. संध्याकाळी तळ्यावरून फिरून आलो तर हॉलमधली त्याची उशी आतल्या खोलीत गेलेली, आणि हॉलमध्ये दोन गाद्या शेजारी शेजारी.

*

कांकरोलीला शोभा. तिचा वसंत आणि माझा शरद एकाच वर्षी गेले. पहिली दोन वर्षं आम्ही दोघी रोज फोनवर होतो. "आता तुला मी आणि मला तू," असं तिनेच एकदा म्हटलं होतं.

तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर कणीक मळत होती. पाठ माझ्याकडे.

"मला सांगितलंही नाहीस," एवढंच बोलली. "मला वाटायचं, एक तू तरी आहेस माझ्यासारखी."

मी ओट्यापाशी उभी राहिले. तिने पोळ्या लाटल्या, मी भाजल्या. दोघींनी डोळे पुसले, एकमेकींना न दाखवता.

ऊन उतरल्यावर ती आम्हाला राजसमंदच्या संगमरवरी घाटावर घेऊन गेली. वाटेत माझ्याशी बोलली नाही. पायऱ्यांवर बसली आणि एकदम दिलीपला म्हणाली, "हिचे गुडघे गेलेत. पुढे ही अंथरुणावर पडली तर कराल?"

"करीन."

"सगळे तसंच म्हणतात."

"मी आधी केलंय," दिलीप म्हणाला आणि पाण्याकडे पाहत राहिला. आजारी बायकोचं त्याने काय काय केलं ते मला माहीत होतं. तो स्वतः कधी बोलत नाही.

शोभा पाण्यात पाय सोडून बसली. काळोख पडायला लागला तशी मी उठले, तिला हात दिला. तिने माझा हात घट्ट धरला, पण बोलली दिलीपशीच. अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं.

"दिलीपराव, तुमच्या रेल्वेत असं अजून कोणी आहे का?"

*

शेवटचा मुक्काम आबू. अरविंदभाऊ म्हणजे शरदचा सगळ्यात जवळचा मित्र, शाळेपासूनचा. त्यांचं घर नक्की नावाच्या तलावाच्या वरच्या अंगाला आहे. फक्त त्यांच्या बायकोला, मंदावहिनींना, मी फोनवर सगळं आधीच सांगितलं होतं, कारण अरविंदभाऊंची तब्येत बरी नव्हती. त्या फाटकापाशीच थांबल्या होत्या.

"यांना सांगून उपयोग नाही गं," त्या म्हणाल्या. "हल्ली काही लक्षात राहत नाही. काल मलाच विचारत होते, तुम्ही कोणाकडे आलात."

अरविंदभाऊ व्हरांड्यात बसले होते. माझ्याकडे पाहून ओळख नसल्यासारखे हसले. मग मागून दिलीप पायऱ्या चढून आला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? किती वाट पाहायची, शरद?"

मंदावहिनी पुढे झाल्या, पण तोवर अरविंदभाऊंनी दिलीपला मिठी मारलीसुद्धा. दिलीपने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. तो म्हणाला, "रस्त्यात गर्दी होती फार."

आणि शेजारी बसला. अरविंदभाऊ बोलत सुटले. शाळेचं, सयाजीबागेत सायकल हरवल्याचं, कुठल्याशा मास्तरांचं. दिलीप ऐकत होता, मधून हसत होता. मी त्यांच्यासमोरच टेबलाशी बसून केसर आंबे कापत होते. मंदावहिनी बशा घेऊन आल्या.

बोलता बोलता अरविंदभाऊ थांबले. दिलीपकडे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटी उज्ज्वलाला सांगितलंस का ते?"

माझी सुरी थांबली. उज्ज्वला मीच. मी मंदावहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही काही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात शरदचं मला सांगायचं काही राहिलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दिलीपने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

आता दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं.

"काही नाही म्हणाली. राहू दे म्हणाली."

अरविंदभाऊंनी मोठा श्वास सोडला आणि दिलीपच्या पाठीवर हात ठेवला. "मी सांगत होतो तुला. उगाच घाबरत राहिलास जन्मभर."

मग त्यांनी बशी पुढे ओढली, आंब्याची एक फोड उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या ना, बाई. पाहुण्यांनी आधी घ्यायचं."