उन्हाला न हरणाऱ्या शेळ्यांच्या शोधात

मे महिन्यात पेण-रोह्याला हौसेनं कुणी जात नाही. मी गेले, कारण गागोदे बुद्रुककडच्या नामदेवरावांचा फोन आला, "मॅडम, आज तिसरी शेळी गेली." मी शेळ्या-मेंढ्यांच्या जनुकांवर काम करते. मोठ्या, राजस्थानी जातीच्या शेळ्या घ्या, हा सल्ला त्यांना आमच्याच शिबिरात मिळाला होता.

पनवेलहून पहाटेची एसटी धरा. उशीर झाला तर महामार्गावरची धूळ आणि ऊन दोन्ही सोसवत नाहीत. पेणला उसळपाव खाऊन मी रिक्षा केली (परतीचं भाडं आधीच ठरवून घ्या). भातखाचराच्या कडेला पत्र्याचा गोठा होता. आत शेळ्या माना ताणून धापत होत्या. राजस्थानातलं ऊन कोरडं, तिथे धापून अंग निवतं. इथल्या दमट हवेत ती धाप वाया जाते. एकीचं तापमान पाहिलं आणि मी थर्मामीटर पुसतच राहिले. नामदेवरावांकडे बघवेना.

"पाणी मारतो, पंखा लावलाय. अजून काय करू?"

"रोह्याकडून इथल्या जातीचा बोकड आणू. पुढची करडं तरी टिकतील," मी म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी रोह्याजवळच्या एका आदिवासीवाडीत मी चंद्राबाईच्या शेळ्यांचं रक्त तपासायला नेलं होतं. काळ्या, बुटक्या, आखूड केसांच्या शेळ्या. भर दुपारी त्या करवंदीच्या जाळ्यांत खुशाल चरत. तापलेल्या पेशींना सावरणाऱ्या जनुकाचा वेगळाच प्रकार त्यांच्यात सापडला. "यांच्यात मोठ्या जातीचा बोकड सोडू नका, मी परत येते," असं मी चंद्राबाईला सांगितलं होतं. मग प्रकल्पाचा निधी संपला, आणि मी गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी पेणहून रोह्याची रेल्वेगाडी धरली. तिकीट स्वस्त, पण गाड्या मोजक्याच. वेळ विचारूनच निघा. वाटेतल्या कासू स्टेशनापर्यंत खिडकीतून येणारी हवासुद्धा भट्टीसारखी होती. रोह्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, मग सहा आसनी रिक्षा, आणि पुढे अर्धा तास चढण. पाणी सोबत घ्या, वाटेत मिळत नाही.

चंद्राबाई दारातच बसली होती. बरीच थकली होती.

"आलीस गो बाय?"

"बोकड कुठाय?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"मेला. दोन पावसाळं झालं."

"मग दुसरा?"

"वाडीत सगल्यांनी मोठं बोकड आनलं. मी थांबले. तू येनार म्हनालेलीस. सून म्हनायची, आई, कोन येत नाय. शेळ्या माजावर येऊन रिकाम्या जायच्या. किती थांबू? सोडला मग मोठा बोकड."

छपराखाली लांब कानांची चार करडं आडवी पडून धापत होती. बाहेर उन्हात एकच काळी शेळी पाला ओरबाडत होती. मी धावत जाऊन तिचं तोंड उघडलं. दात झिजून गेले होते.

"ती नाय आता गाभन ऱ्हायाची. बाकीच्या काळ्या बाजारात गेल्या," चंद्राबाई मागून म्हणाली.

"मला फोन तरी करायचात!"

"लंबर दिलेलास काय?"

दिला नव्हता. मी तिथेच खाली बसले. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं, रागावलीसुद्धा नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आणखी दोन वाड्या चढले. सगळीकडे मोठे बोकड, आणि लोक अभिमानाने दाखवत होते.

घरी येऊन आठवडा झाला. पाय दुखायचे थांबलेत. प्रयोगशाळेच्या शीतपेटीत त्या कळपाचं रक्त अजून आहे. त्यातलं जनुक मी अक्षर न् अक्षर वाचू शकते, पण त्यातून माझ्याच्यानं एक करडू उभं राहत नाही. काल नामदेवरावांना फोन करून सांगितलं, बोकड मिळाला नाही.

"मग उरलेल्या बाजारात काढतो," ते म्हणाले.

मी त्यांना थांबा म्हणाले नाही.