बालीत बाबांना गप्प बसवलं

बाबांना मी बालीला नेलं होतं, हे मी सगळ्यांना सांगते. तिथे त्यांच्याशी कशी वागले हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी काल्हेरला एका गोदामात डिस्पॅच सांभाळते. वर्षभर माल वेळेत सुटला म्हणून ऑफिसने आम्हा पाच जणांना बालीची चार दिवसांची सहल दिली. सोबत घरचं एक माणूस आणायची मुभा होती. नवऱ्याला रजा मिळेना. आई गेल्यापासून बाबा टेमघरला आमच्याकडेच राहतात, आणि शिर्डीच्या पलीकडे त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. त्यांना नेते म्हटल्यावर शेजारपाजारी माझं तोंड भरून कौतुक झालं. ते मला आवडलं. खरं सांगायचं तर निम्मं त्या कौतुकासाठीच मी त्यांना नेलं.

उरलेलं निम्मं लक्ष ऑफिसच्या साहेबांवर होतं. साहेब बायकोला घेऊन येणार होते, आणि पूर्णा गावातल्या नव्या गोदामात मॅनेजर म्हणून कुणाला बसवायचं हे त्यांच्याच हातात होतं. मला ती जागा हवी होती.

बाबा चाळीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. लूम बंद पडला की हाक जायची ती जॉबरला. साठ लूम एकदम धडधडत असताना माणसं दोनच प्रकारे बोलतात. एक तर कानाशी तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाहीतर हातांनी खुणा करायच्या. दोन बोटं फिरवली की धागा तुटला, अंगठा ओठाकडे नेला की चहा. चाळीस वर्षांत बाबांचे कान गेले आणि आवाज तेवढा राहिला. 'मीठ दे' म्हणाले तरी समोरच्या बिल्डिंगमधलं माणूस खिडकीत यायचं. घरात आम्हाला त्याची सवय होती. बालीच्या त्या हॉटेलला नव्हती.

पहिल्याच सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये लोक कुजबुजल्यासारखे बोलत होते. बाबा हातात रिकामी बशी घेऊन दुसऱ्या टोकाला उभे होते. तिथून त्यांनी मला हाक दिली. "अगं ए, हितं चाय हाय का न्हाय? का निसती फळंच खायाची?"

सगळा हॉल वळून बघायला लागला. एका गोऱ्या बाईच्या हातातला चमचा खाली पडला. साहेबांच्या बायकोने मला हसत विचारलं, "वडील बाजारात भाजी विकायचे का हो?"

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. नुसती हसले असते तर एकवेळ चाललं असतं. मी वर म्हणाले, "त्याहून वाईट. पॉवरलूम." मग ते आणखी हसले. तोवर बाबा टेबलापाशी येऊन पोचले होते. काय झालं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसायला लागले.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, इथे ओरडायचं नाही."

"मी कुठं वरडलो? निसतं बोललो."

"तुमचं बोलणं म्हणजेच ओरडणं. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. चार दिवस तोंड उघडू नका. काय हवं ते खोलीत आल्यावर मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. चिडले असते, दोन शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते खिडकीशी जाऊन बसले आणि बाहेरची झाडं बघत राहिले.

दुपारी जेवताना त्यांनी माझ्याकडे बघून अंगठा ओठाकडे नेला. मी टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "हात खाली ठेवा. लोक मुका समजतील." त्यांनी हात मांडीवर ठेवले. पानात जे पडलं ते खाल्लं. चहा त्या दिवशी त्यांना मिळालाच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला जीपमधून ज्वालामुखीच्या पायथ्याशी नेलं. काळ्या दगडांचं रान लांबवर पसरलं होतं. मधेच एखाद्या भेगेतून वाफ येत होती आणि कुजक्या अंड्यांचा वास नाकात बसत होता. सगळे फोटोच्या मागे लागले. बाबा एका दगडाजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी त्यावर तळवा टेकला. कारखान्यात ते असंच करायचे. लूमच्या सांगाड्याला हात लावून कुठलं बेअरिंग ढिलं झालंय ते सांगायचे, आणि ते कधी चुकत नसे. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला. मग लगबगीने माझ्याकडे आले, माझी बाही ओढली आणि त्यांच्या मते कानात बोलले.

"खाली चालू हाय गं! हाताला लागतंय!"

साहेबांनी कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं. मी फक्त "बाबा!" म्हणाले. शिवी द्यावी तसं म्हणाले. त्यांनी माझी बाही सोडली आणि दगडाची काळी धूळ पँटला पुसली. त्यानंतर ते मलाही काही सांगायला आले नाहीत. खोलीतसुद्धा.

संध्याकाळी साहेबांची बायको म्हणाली, "किती शांत आहेत हो तुमचे वडील." एखादी फाइल वेळेत संपली की होतो तसा मला आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी त्याच डोंगराच्या उतारावरच्या जंगलात चालायचं होतं. तिथे पाऊस थांबतच नाही. झाडांवर झाडं, त्यांच्यावर शेवाळ, पायाखाली चिखल. वाट एका माणसापुरती. मी साहेबांच्या बरोबर पुढे चालले होते आणि पूर्णाच्या गोदामात ट्रक कसे लावायचे ते त्यांना समजावत होते. बाबा रांगेत शेवटी होते. मी किती वेळ मागे वळून पाहिलं नाही ते मला आठवत नाही. आठवायचंही नाही.

बसपाशी पोचल्यावर गाईडने डोकी मोजली. एक कमी भरलं.

गाईड आणि मी परत वर निघालो. साहेब म्हणाले, "मीही येतो," आणि आमच्या मागे आले. गाईड हाका मारत होता, पण त्याला नाव नीट घेता येत नव्हतं. हाक मारायची होती ती मी. आणि मी कशी मारली? फोनवर गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात. "बाबा, बाबा." साहेब मागे होते ना. ज्याला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, त्याला मी जंगलात हळू आवाजात शोधत होते. वरपर्यंत गेलो आणि तसेच परत फिरलो.

उतरताना गाईडला वाटेखाली काहीतरी हललेलं दिसलं. दहा-बारा फूट खाली, नेच्याच्या मोठमोठ्या पानांमागे बाबा बसले होते. पाय घसरून खाली पडले होते. घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. अंगभर चिखल, ओठ निळे. ते एक हात वर करून दोन बोटं फिरवत होते. धागा तुटला.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं की सगळी बस आमच्यासाठी खोळंबली आहे. मी वरूनच ओरडले. "अक्कल आहे का? एक हाक मारता येत नव्हती?"

त्या सहलीत सर्वांत मोठ्याने ओरडले ती मीच.

बाबांनी वर पाहिलं. इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "तूच सांगितलंस ना, तोंड न्हाय उघडायचं. मगाशी वर गेलीस तवा दिसलीस मला. मी हात केला."

आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला उलट बोलता आलं असतं. साहेबांनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हणाले, "घाबरलेत जरा."

घोटा मोडला होता. चौथा दिवस तिथल्या दवाखान्यात गेला.

पूर्णाची जागा मला मिळाली. साहेब म्हणाले, अशा प्रसंगात तुम्ही डोकं थंड ठेवलंत. मी आभार मानले.

बाबांचं प्लास्टर निघालं, पण आवाज काही परत आला नाही. घसा ठीक आहे, डॉक्टरांनी तपासला. ते बोलतात, पण पुटपुटल्यासारखं, आणि बोलण्याआधी एकदा माझ्याकडे बघतात. मी सांगून पाहिलं, बाबा, मोठ्याने बोला. "बरं," म्हणतात, तेही पुटपुटत.

परवा रविवारी त्यांचा जुना सोबती भेटायला आला. तीस वर्षं बाबांच्या हाताखाली लूम चालवलेला उत्तर प्रदेशचा विणकर. कान त्याचेही गेलेले. पूर्वी हे दोघं बसले की तिसऱ्या गल्लीत बोलणं ऐकू जायचं. तो बाबांच्या शेजारी बसला आणि ओरडून विचारलं, "बताओ उस्ताद, कैसा था ज्वालामुखी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काहीतरी बोलले.

"क्या?"

बाबा पुन्हा बोलले.

"क्या बोला?" त्याने कानामागे हात धरला. बाबांचे ओठ तिसऱ्यांदा हलले. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी बाबांच्या तोंडाशी कान नेला.

"लय भारी झाली ट्रिप," बाबा म्हणत होते. "पोरीनं लय सांभाळलं मला. सांग त्याला."

तो म्हातारा वाट बघत होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "बोल रहे हैं, बेटी ने बहुत सँभाला!"