गाडलेल्या गावाचा वाटाड्या

त्याला सगळे राखाड्या म्हणत. हे नाव पडलं तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. डोंगर फुटला, गावावर आधी राख पडली आणि मागोमाग लाव्हा उतरला. वाचलेल्या लोकांना सरकारने खाली पठारावर, पत्र्याच्या खोल्यांत नेऊन टाकलं. तिथल्या शाळेत पोरांनी त्याच्या कानामागे राहिलेली राख पाहिली आणि त्याचं बारसं उरकून टाकलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे लग्न ठरलं तेव्हा सासऱ्याला त्याचं खरं नाव मुद्दाम विचारून घ्यावं लागलं.

त्याची आई मात्र वरच राहिली.

ते असं झालं. गाव रिकामं करायला ट्रक आला तो एकच. माणसं कोंबून भरली. आईचा एक पाय अधू होता, तिला वर चढायला वेळ लागत होता. ट्रकवरच्या अधिकाऱ्याने तिला सांगितलं, "आजी, तुम्ही घराच्या पायरीवर बसा. गाडी परत येतेय." तिची दोन्ही मुलं, तो आणि त्याची थोरली बहीण, ट्रकमध्ये होती. दोघं उतरायला बघत होती, पण मागची फळी लावली गेली होती. ट्रक सुटला तेव्हा आई काहीतरी ओरडली. तो आत माणसांत दबला होता, त्याला इंजिनाच्या घरघरीपलीकडे काही ऐकू आलं नाही. ताई फळीपाशी होती, तिला ऐकू आलं. खाली पोचल्यावर तिने त्याला आईचे शब्द सांगितले, आणि दोघं पत्र्याला टेकून रडली.

गाडी परत गेली नाही. रस्ता बंद झाला म्हणाले.

डोंगर निवल्यावर बऱ्याच वर्षांनी नशीब फळफळलं, ते डोंगराचं. शहरातून अभ्यासक आले. काळ्या खडकाच्या भेगांत नेचे उगवले होते, विवरातल्या तळ्यावर कुठकुठले पक्षी उतरत होते. सगळा उतार राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुंपण आलं, फाटक आलं, लाकडी पायवाट आली, फाटकाशेजारी खाण्याचं दुकान आलं. ज्या उतारावर गावातल्यांनी जन्मभर शेळ्या वळल्या, तिथे आता पायवाट सोडून पाऊल टाकलं की दंड होता.

"शेवाळ मोडतं म्हणे," राखाड्याचा शेजारी म्हणाला. "आमची घरं मोडली तेव्हा कुणी पाटी लावली नव्हती."

राखाड्याला मात्र तिथे नोकरी लागली. वाटाड्या हवा होता, तो बोलायला चुरचुरीत होता, आणि मुख्य म्हणजे तो त्या गावचा होता. हिरवा गणवेश मिळाला, डोक्यावर टणक टोपी मिळाली. आधी वाफेची तोंडं दाखवायची, तिथे लोक गंधकाच्या वासाने नाकं धरून हसत. मग तळं. मग शेवटी गाडलेलं गाव, म्हणजे काळ्या खडकातून वर आलेलं एक धुराडं आणि शाळेच्या छपराचा एक कोपरा. धुराडं त्याच्याच घराचं होतं.

सुरुवातीला तो घडलं तसं सांगायचा. ट्रक, फळी, पायरी, गाडी परत येतेय. लोक आपापले बूट न्याहाळायचे. एकदा एका बाईने परतताना फाटकावर तक्रार केली, की आम्ही मुलांना घेऊन निसर्ग बघायला आलो होतो, मुलं जेवलीसुद्धा नाहीत.

राखीव क्षेत्राच्या साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी राखाड्याला खुर्ची दिली.

"हे बघ, तुझं दुःख मला कळतं," साहेब म्हणाले. "पण लोक सुट्टी काढून येतात. तू त्यांना सरकारी गाडीचं गाऱ्हाणं ऐकवतोस. शिवाय वरचे अधिकारीही येतात बघायला, त्यांना ते बरं वाटत नाही."

"मग काय सांगू?"

"तुझ्या आईचं आणि डोंगराचं नातं सांग ना. तिने गाव सोडायला नकार दिला असं सांग. त्यात तिचाही मान राहतो."

तिने काही नकार दिला नव्हता. ती पायरीवर गाठोडं घेऊन बसली होती. हे राखाड्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोला दिवस गेले होते, आणि पठारावर दुसरं काम म्हणजे खडी फोडण्याचं. त्याने मान हलवली.

पहिल्या दिवशी ते सांगताना तो दोनदा अडखळला. पण एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत पुढे आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. आजवर त्याचा हात असा कुणी धरला नव्हता. हळूहळू त्याला गोष्टीची लय सापडली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, कुठे धुराड्याकडे बघायचं, हे सगळं अंगवळणी पडलं. आई ओट्यावर ताठ उभी राहिली. तिने हात हलवला. "जा बाळांनो," ती म्हणाली, "मी माझ्या डोंगराजवळ राहते." लोक टाळ्या वाजवू लागले. काहीजण धुराड्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेत, आणि तो त्यांना कोन सांगे.

ताई तालुक्याच्या गावी शिवणकाम करायची. जुने कपडे उसवून मापात करून द्यायची, बोटांवर सुईचे घट्टे होते. ती वर कधी आली नव्हती. पण तिच्या मुलीच्या शाळेची सहल राखीव क्षेत्रात जायची होती आणि पालक सोबत हवे होते. लेकीने हट्ट धरला, मामाला बघायचंय म्हणून. ताई आली.

ती गर्दीत मागे उभी होती. राखाड्याने तिला पाहिलं. त्या दिवशी गोष्ट तोकडी करता आली असती, पण समोर साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते. त्याने ती पूर्ण सांगितली, हात हलवण्यासकट.

"खोटं आहे हे," ताई म्हणाली.

सगळे वळले. तिचा आवाज चढला नव्हता. "आमच्या आईने हात हलवला नाही. ती बसली होती. तिला बसवून ठेवलं होतं. सांग ना रे, सांग यांना."

साहेबांनी राखाड्याकडे पाहिलं. शाळेची मुलंही बघत होती, त्यात भाची होती. राखाड्याने टोपी सारखी केली, आणि वर्षानुवर्षं कमावलेल्या त्याच हळुवार आवाजात तो म्हणाला, "या बाई आमच्याच गावच्या. त्या आघातातून काहीजण अजून सावरलेले नाहीत. आपण समजून घेऊ या."

लोकांनी समजून घेतलं. एका बाईने ताईला पाण्याची बाटली दिली. ताईने ती घेतली नाही. लेकीचा हात धरून ती पायवाटेने खाली उतरली. पोरगी मात्र सारखी मागे वळून बघत होती.

त्यानंतर वर्षानुवर्षं जाणं-येणं बंद राहिलं. बायको म्हणायची, "जाऊन पाय धरा, बहीण आहे." तो म्हणायचा, "बघू." मग राखीव क्षेत्रात कानाला लावायची यंत्रं आली. फाटकावर घ्यायची, बटण दाबायचं, जिथे उभं राहाल तिथली माहिती आपोआप. ध्वनिमुद्रणासाठी शहरातून एक नट आणला होता. गोष्ट राखाड्याचीच होती, शब्दन्‌शब्द, फक्त नट ती जास्त चांगली सांगायचा. राखाड्याला टोपी आणि गणवेश परत करायला सांगितलं. साहेब बदलून गेले होते, नव्या साहेबाला तो कोण हेही धड माहीत नव्हतं.

घरी बसल्यावर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि त्याचं अन्न तुटलं. त्याला आईचं खरं वाक्य आठवेना. डोळे मिटले की आई ओट्यावर ताठ उभी राहायची आणि हात हलवायची. ताईने त्या दिवशी पत्र्याला टेकून जे सांगितलं होतं, ते कुठे गेलं? तो डोकं धरून बसायचा. दरवेळी तेच ऐकू यायचं, जा बाळांनो, आणि तेही आता नटाच्या आवाजात.

शेवटी तो ताईकडे गेला. तिने दार उघडलं, आत घेतलं, ताट वाढलं. शिवणयंत्रावर पाय ठेवून ती एका पँटची शिवण उसवत बसली.

"ताई, आई काय म्हणाली होती?"

"तुझ्याकडे आहे की तुझी आई."

"मी चुकलो. मला आठवत नाही ग. एकदा सांग."

"तुला सांगितलं तर तू ते कुठेतरी विकशील."

"आता कुठे विकू? नोकरी गेली."

"नोकरी गेली, सवय गेली नाही," ताई म्हणाली, आणि त्याच्या पानात भाजी वाढली.

तो अधूनमधून जात राहिला. ती गुडघेदुखीचं बोलायची, गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायची, हसायचीसुद्धा. ते एक वाक्य सोडून सगळं बोलायची. त्याला वाटायचं, म्हातारपणी तिचं मन विरघळेल. पण तिच्या छातीचं दुखणं अचानक वाढलं. निरोप मिळून तो पोचेपर्यंत ती गेलेली होती.

माणसं पांगल्यावर त्याने भाचीला गाठलं. आता तीही लेकुरवाळी होती. "तुझी आई आजीबद्दल काही बोलली होती का? शेवटचं काही?"

भाची जरा घुटमळली. "बोलली होती. म्हणाली, मामा विचारेल. विचारलं तर सांग, मलाही आठवत नाही."

"खरंच आठवत नव्हतं तिला?"

"ते मला कसं कळणार, मामा?" ती म्हणाली. मग यंत्रावर अर्धवट पडलेले कपडे गोळा करू लागली, कारण गिऱ्हाइकांना ते परत करायचे होते.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. वळणावर डोंगर दिसू लागला तसा शेजारचा तरुण प्रवासी चुळबुळला. "काका, जरा जागा बदलता का? फोटो काढायचा होता."

राखाड्या उठला आणि त्याने जागा दिली.

"तुम्ही गेलाय का कधी वर?" तरुणाने विचारलं. "बघण्यासारखं आहे म्हणतात."

"हो," तो म्हणाला, "गर्दी फार असते."