झाकणावरचं नाव

वहिनी गेल्याचा ह्यांचा फोन शाळेत आला तेव्हा तिसरा तास चालू होता. मी तास संपवला आणि रजेचा अर्ज लिहिला : 'माझ्या मोठ्या जाऊबाईंचे निधन झाल्याने…' मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला. "बाई, तुम्हाला जाऊ होती? इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत." मी पर्स उचलून निघाले. गाडी गाठायची होती, तेवढं निमित्त पुरलं.

महिना झाला. उत्तर आता देते.

म्हशाजवळच्या आमच्या गावातून मुरबाडच्या शाळेत मी चोवीस वर्षं जाते आहे. नोकरी लागली तेव्हा थोरला सात महिन्यांचा होता. "नंदे, तू जा गो. पोरगं माज्याकडं ऱ्हाईल," वहिनी म्हणाली. त्याच हिवाळ्यात तिने म्हशाच्या जत्रेतून मला स्टीलचा डबा आणला. भांड्यावर नाव घालणाऱ्याने विचारलं, नाव काय? वहिनीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती मला मारायची तीच हाक तिने सांगितली आणि त्याने झाकणावर ठसठशीत कोरलं, 'नंदे'. घरात सगळे पोट धरून हसले. शाळेत मी झाकण पालथं ठेवू लागले. डब्यातल्या तिच्या हातच्या वालांचं कोणी कौतुक केलं, की कृतीही मीच सांगायची. माझी दोन्ही मुलं तिच्या कुशीत मोठी झाली, आणि 'घर सांभाळून नोकरी' या विषयावर महिला मेळाव्यात भाषण मी केलं.

एकदा आवणीच्या दिवसांत डबा घरी राहिला. वहिनी भाताच्या खाचरातून उठली, कोणाच्या तरी टेम्पोत बसली आणि थेट शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. खोचलेलं लुगडं, पोटऱ्यांवर चिखल. "गो नंदे, डबा इसरलीस ना! उपाशी शिकवशील काय?" आत तपासणीला आलेले साहेब बसले होते. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "आमच्याकडे कामाला असतात."

वहिनीने डबा टेबलावर ठेवला. "घ्या, बाई," म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळपासून मी घरातही 'बाई' झाले. "बाई, चा घ्या." "बाई, पोराला ताप हाय, पन तुमी जा, मी हाय ना." शिकलेल्या धाकट्या जावेचा केवढा मान ठेवते, असं गावात कौतुक व्हायचं. खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत. डबा मात्र एक दिवसही चुकला नाही. चुकला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसले होते. माफी मागायला गेले होते, तोंडून निघालं भलतंच. "वहिनी, एकदा नंदे म्हण ना." ती जराशी हसली. "बाईंना असं कसं म्हनू? जा, गाडी चुकंल." आणि मी… उठले. गाडीची वेळ खरंच झाली होती.

आता डबा मीच भरते. भाकऱ्या जाड होतात, वाल कधी कच्चे राहतात. झाकण मात्र नाव वर करून ठेवते. परवा शाळेतल्या नव्या शिक्षिकेने ते वाचलं आणि तिला हसू आलं. "नंदे? तुम्हाला असं कोण म्हणतं, बाई?"

"माझी जाऊ," मी म्हणाले.