हाडांची बादली

तुमच्या ताटातलं हाड शेवटी कुठं जातं, हे तुम्ही कधी उठून पाहिलंय का?

मीही पाहिलं नव्हतं. विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात राहायला आले तेव्हा जगातल्या बहुतेक प्रश्नांवर माझी मतं तयार होती. हाड हा प्रश्न त्यांत नव्हता. आमचं घर कबनूरचं. वडील यंत्रमागावर कामाला, आणि मागावरून सुटले की कामगारांच्या सभेला. घरात पत्रकांचे गठ्ठे पडलेले असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, त्यांच्यातच भाकरी बांधून शाळेत नेली. बाकीच्या मुलांचा ‘अ’ अननसाचा होता, माझा अन्यायाचा होता. त्यामुळं अन्याय कुठं दिसेल याची मी वाटच बघत होते म्हणा ना.

वसतिगृहात तो रविवारच्या मटणातून आला.

रविवारी दुपारी मेसमध्ये मटण असायचं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि आणखी एक वाटी मिळावी म्हणून चाललेली आरडाओरड. जेवण झालं की प्रत्येकीनं आपलं शेवटचं हाड मुठीत घेऊन मागच्या व्हरांड्यात जायचं आणि कठड्यावरून माळावर भिरकावायचं, अशी तिथली रीत होती. कुणाचं हाड लांब जातं यावर पैजा लागायच्या. माझी खोलीसोबतीण गडहिंग्लजची, शेतकऱ्याची मुलगी; तिचं हाड थेट कुंपणापलीकडं जायचं. मला ती अक्का म्हणायची आणि माझी नेमबाजी बघून हसायची.

ती हाडं खायला एक तांबूस कुत्री येऊन राहिली होती. एक कान कायमचा दुमडलेला. कुठून आली कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिला सगळ्याजणी पावणी म्हणायच्या. थंडी पडायला लागली तेव्हा तिला पिलं झाली. मागच्या पायवाटेखाली पावसाचं पाणी जायला सिमेंटचा मोठा नळ टाकला होता, तो आता कोरडा होता. पावणीनं नेमकी तीच जागा निवडली, आणि ग्रंथालयाला जाणारी पायवाट तिच्या डोक्यावरून जात होती.

मग ती अंगावर यायला लागली. एकीच्या हातातली पुस्तकं पडली, एकजण पळता पळता कुंपणात अडकली. शेवटी एका सकाळी तिनं आमच्या रेक्टरबाईंच्या लुगड्याचा काठच दातात धरला. बाईंना काही लागलं नाही, पण त्याच दुपारी सूचनाफलकावर कागद झळकला: सोमवारी सकाळी भटकी कुत्री नेणारी गाडी येईल. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

माझं रक्त तापलं. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल करून आणलं. वर तीन वेळा ‘निषेध’. खाली, एका लेकुरवाळीला घराबाहेर काढणाऱ्या सत्तेला सवाल. गुरुवारी दुपारी रेक्टरबाईंच्या खिडकीसमोर निदर्शनं करायची ठरलं. आता रेक्टरबाईंच्या खिडकीसमोर काय होतं? पायवाट. आणि पायवाटेखाली?

माझ्या सोबतिणीनं सांगून बघितलं. “अक्का, पिलांच्या तोंडाफुडं आरडू नको की. पावणी न्याय बघणार न्हाय, पाय बघंल.”

“चळवळीत असले विचार करत बसलं तर झालंच!” मी म्हणाले.

आम्ही रांगेत उभ्या राहिलो. मी मूठ वर केली. “पावणीला न्याय—”

“मिळालाच पाहिजे!” एवढं म्हणायलाही पावणीनं वेळ दिला नाही. ती नळातून सुटली ती थेट मोर्चात. एकजण कपडे वाळत घालायच्या खांबावर चढली. ती तिथं कशी चढली हे तिला स्वतःला पुढं कधी सांगता आलं नाही. दोघी एकमेकींना ढकलत मेसमध्ये शिरल्या. माझी एक चप्पल मागं राहिली, ती पावणीनं उचलली आणि नळात नेली.

वरून रेक्टरबाईंचा आवाज आला. “काय गं पुढारी, जिच्यासाठी सभा, तिनंच उधळली होय?”

त्यांनी मला खोलीत बोलावलं. मी एका पायात चप्पल घालून, मान ताठ ठेवून गेले. त्यांनी माझं पत्रक समोर ठेवलं होतं. सगळं वाचलं होतं.

“भाषा चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “आता माझं ऐक. मला कुत्र्याचा राग नाही. माझ्या माहेरी शेजारच्या एका काकूंना पिसाळलेलं कुत्रं चावलं. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं आणि दवाखान्यात नेलंच नाही. त्या गेल्या, आणि कशा गेल्या ते मी पाहिलंय. उद्या तुमच्यातल्या एकीला दात लागला, तर तिच्या घरच्यांना काय हे पत्रक वाचून दाखवू?”

समोरच्याचं म्हणणं पटलं की फार वाईट वाटतं हो. मी विचारलं, “आणि सोमवारपर्यंत ती कुणाच्या अंगावर गेलीच नाही तर?”

“तर गाडी परत पाठवीन. पण मध्ये रविवार आहे, हे लक्षात ठेव. त्या दिवशी हाडांवर साऱ्या माळाची कुत्री जमतात इथं.”

शुक्रवारी मी तास बुडवला आणि सोबतिणीबरोबर गच्चीवर बसून नुसतं बघितलं. बागेकडून लांबनं जाणाऱ्यांकडं पावणी ढुंकूनही बघत नव्हती. नळाच्या तोंडापाशी पाय वाजला की मात्र ती उठायची, आणि पळणाऱ्याच्या मागं जास्तच जायची. बाहेरचं कुत्रं कुंपणाशी दिसलं की तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे. तिच्या नाकावर जुना ओरखडा होता. रविवारच्या हाडावरून झालेल्या भांडणातलाच असणार. आम्ही हाडं टाकून भांडणं लावत होतो आणि वर पुन्हा तिला चिडकी म्हणत होतो.

खाली येऊन आम्ही कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि पायवाट दोन्हीकडून बंद केली. मी एक पुठ्ठा लिहून टांगला. माझ्या आयुष्यातलं ‘निषेध’ नसलेलं ते पहिलं पत्रक:

‘वाट बंद. आत बाळंतीण आहे. बागेकडून जा. पळू नका, दगड उचलू नका, पिलांना हात लावू नका.’

मेसच्या मावशींनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “व्हय की! बाळंतिणीच्या खोलीत कोण शिरतंय?” त्या दिवसभर जिला तिला हेच सांगत सुटल्या. बागेकडची वाट चांगलीच लांब होती, तरी मुली कुरकुरत का होईना तिकडून जायला लागल्या. मावशी पावणीला मेसच्या दारातूनच भाकरी फेकत, त्यामुळं ती सारखी दाराशी घुटमळायची. त्यांना विनवून तिचं खाणं वाटेपासून लांब, लिंबाखाली एका थाळीत ठेवायचं ठरवलं. ठेवायचं आणि मागं फिरायचं, लाड करत बसायचं नाही. हे मावशींना सगळ्यात जड गेलं.

रविवार उजाडला. मटणाचा वास सुटला. मी मेसच्या मागच्या दारात झाकणाची बादली घेऊन उभी राहिले. “हाडं इथं! व्हरांड्यात न्यायची नाहीत!”

“हे काय आता?” एकजण ओरडली. “आठवडाभर अभ्यास करायचा, आणि रविवारी हाडसुद्धा टाकायचं न्हाय?”

खांबावर चढलेली मुलगी बाकावर उभी राहिली आणि तिनं मूठ वर केली. “आमचं हाड!”

“आमच्या हक्काचं!” सगळी मेस गरजली.

माझ्याच घोषणांची चाल माझ्याच अंगावर! मी बादली धरून उभी होते आणि ती रिकामी होती. दोघीतिघी हाडं घेऊन माझ्या बगलेतून निसटायच्या बेतात होत्या. बाहेर कुंपणाशी कुत्री जमायला लागली होती. एक हाड पडलं असतं तरी संपलं असतं.

तेवढ्यात रेक्टरबाई आपलं ताट घेऊन उठल्या. त्या शुद्ध शाकाहारी. मटणाच्या दिवशी कोपऱ्यात बसून शेवग्याच्या शेंगांची आमटी जेवायच्या. त्या सावकाश चालत माझ्यापर्यंत आल्या, ताटातल्या चोखलेल्या शेंगा एकेक करून बादलीत टाकल्या, आणि ध्वजवंदनाला उभं राहावं तशा बाजूला उभ्या राहिल्या.

मग माझी सोबतीण म्हणाली, “बाईंची हाडं पडली, आता आपली टाका की गं!” आणि हशाच्या लाटेबरोबर खणाखण हाडं पडायला लागली. कुंपणाशी जमलेली कुत्री बराच वेळ वाट बघत बसली, मग एकेक करून निघून गेली. आम्ही बादली बागेमागं खोल खड्ड्यात रिकामी केली, माती लोटली, वर दगड ठेवला.

सोमवारी सकाळी रेक्टरबाई बागेकडच्या वाटेनं ग्रंथालयापर्यंत जाऊन आल्या. पावणीनं डोकं उचललं, बघितलं, परत पायांवर ठेवलं. आम्ही सगळ्या खिडक्यांतून बघत होतो.

गाडी आलीच. फास घेऊन उतरलेल्या माणसानं विचारलं, “बाई, कुत्रं कुठाय?”

“बाळंतीण आहे ती,” रेक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या. “इतक्यात कुठं न्यायची नाही. तुम्ही चहा घेऊन जा.”

पुढं जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. आम्हाला लांब उभं करून त्यांनी पावणीच्या तोंडाला पट्टी बांधली आणि पिसाळू नये म्हणून इंजेक्शन दिलं. पिलं मोठी झाल्यावर त्यांनाही दिलं. बादलीवर झाकण आल्यापासून मेसमधले उंदीरही कमी झाले. ते कुठं गेले याची चौकशी मी केली नाही. पावणी आमच्यातच राहिली, पिलांना घरं मिळाली. एक गडहिंग्लजला गेलं, माझ्या सोबतिणीच्या मांडीवरच्या टोपलीतून, एसटीनं. मी स्टँडवर पोचवायला गेले होते.

“ताई, टोपलीत काय हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“पावणं हायत,” ती म्हणाली. आतून पावण्यानं असा काही सूर लावला की अख्खी गाडी हसली, आणि कंडक्टरनं स्वतः तिला खिडकीची जागा करून दिली.

माझी चप्पल नळात सापडली. तिचा पट्टा पिलांनी खाऊन टाकला होता.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या आवारात कुणी पावणी व्याली असेल, तर तिच्यापुढं ना दगड घेऊन जा, ना घोषणा. वाट बंद करा आणि लांबनं फिरून जा. कुणाला दात लागलाच तर तिखट-हळद काही भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम भरपूर धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पण त्याच्याही आधी, आज जेवून उठाल तेव्हा ताट घेऊन मागच्या दारापर्यंत जा. तिथं झाकणाची बादली नसेल तर एक आणून ठेवा, आणि पहिलं हाड तुम्हीच टाका. शाकाहारी असाल तर शेवग्याची शेंगही चालते.