पल्याडच्या कोपऱ्यातली जलपर्णी

माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. कल्याणजवळच्या मोहन्याच्या वरच्या अंगाला नदीकाठी आमचं गाव. बाबा त्या नदीत मासे धरायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. नदी जलपर्णीने भरली तशी होडी काठावर उपडी पडली आणि बाबा कल्याणच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. बूट ड्युटीचे होते, मापाला मोठे. पुढे कापूस कोंबून ते घालायचे. घरी आले की आधी पायाचे फोड बघायचे, मग चहा.

आई मासे विकायची, ती विकतच राहिली. फक्त मासे आमच्या नदीचे राहिले नाहीत. कल्याणच्या बाजारातून ती बर्फातले बांगडे आणायची. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, नदीचं आहे का?"

"नदीचं असतं तर मी अशी गप बसले असते का? ओरडून विकलं असतं."

खोटं बोलणं तिला जमायचं नाही. मग उरलेले बांगडे आम्हीच खायचो. आठवडाभर रोज बांगडे खाल्ले की माणूस अभ्यासाला बसतो. मी बसले. बी.एस्सी. केमिस्ट्री झाले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. ठाण्याला एका लॅबमध्ये नोकरी लागली, घरात पगार यायला लागला, तरी बाबांचे बूट सुटले नाहीत. पोरीच्या पगारावर बसून खायचं नाही, हा त्यांचा हट्ट. तो मला पटायचा, म्हणून मी वाद घातला नाही.

होडीखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या होत्या. एका वर्षी हायवेवरचा एक ढाबेवाला होडी बघायला आला. म्हणाला, "ढाब्याच्या दारात ठेवू. आत बर्फ भरून कोल्ड्रिंकच्या बाटल्या लावू. लोक फोटो काढतील." बाबांनी होडीवर हात फिरवला नाही की काही नाही. "गणपती झाले की घेऊन जा," एवढंच म्हणाले. ते त्यांनी आईला विचारून ठरवलं नव्हतं. आई त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. होडी गेली की बाबा मरेपर्यंत वॉचमन, हे तिने मनात पक्कं केलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं.

आमच्या नदीची अडचण अशी की ती एकाची नाही. मधोमध हद्द आहे. अलीकडचं पाणी एका सरकारी ऑफिसचं, पलीकडचं दुसऱ्या ऑफिसचं. दोन देश असावेत तसं. पासपोर्टवर शिक्का मारायचा तेवढा बाकी. उन्हाळ्यात आमच्या बाजूचं मशीन यायचं, मध्यापर्यंत जलपर्णी काढायचं आणि निघून जायचं. पलीकडचं मशीन कधीतरी नंतर यायचं. तोपर्यंत आमची बाजू पुन्हा हिरवीगार. दोन्ही गावांची खात्री होती की समोरचे लोक बांबूने ढकलून आपली घाण इकडे लोटतात.

पलीकडचं गाव म्हणजे आईचं माहेर. आमच्याकडच्या अर्ध्या बायका तिथल्याच, तिथल्या अर्ध्या आमच्याकडच्या. पूर्वी वराती होडीतून यायच्या. त्यामुळे भांडणसुद्धा सोयऱ्यांसारखंच व्हायचं. आमच्या काठावरून कुणी ओरडायचं, "ओ पावनं, तुमचा आहेर मिळाला, न्या परत!" पलीकडून उत्तर यायचं, "हुंड्यात दिलाय, ठेवून घ्या!"

तिकडच्या मासेमारांमध्ये शब्द चालायचा माझ्या मोठ्या मामाचा. त्याला मी फोन केला. म्हटलं, आपण चिंध्या बांधून बघू. आम्ही आमच्या काठाच्या जलपर्णीला लाल बांधतो, तुम्ही तुमच्याला निळ्या बांधा. कोण ढकलतं ते कळेल.

"कालेजात हेच शिकवलं काय गो तुला? चिंध्या बांधायला?"

"मामा, तुमचे लोक ढकलत नसतील तर घाबरता कशाला?"

"घाबरतो कोण? चार पोती बांधतो निळ्या!"

मामाला वाटलं, आता आमचं गाव उघडं पडणार. आमच्या गावाला वाटलं, आता मामा उघडा पडणार. पोरांनी दोन्हीकडे उत्साहाने चिंध्या बांधल्या, दिवसभर काठावर पहारासुद्धा ठेवला. कुणीही बांबू हातात घेतला नाही. सकाळचा वारा एकीकडचा, दुपारचा दुसरीकडचा. थोड्याच दिवसांत आमच्या घाटाला निळ्या चिंध्या लागल्या आणि मामाच्या भाजीच्या वाडीमागे लाल.

मामाने फोन केला. "वारा गो बाय, वारा!" असं म्हणाला, जणू त्यानेच शोध लावला. मी म्हटलं, बरं.

भांडण थांबलं, जलपर्णी थांबली नाही. खरी चूक दोन्ही गावं मिळून करत होती. पावसाळ्यात पूर आला की नदी सगळं वाहून नेते. भाद्रपदात पाणी स्वच्छ दिसतं, लोक म्हणतात, गेली एकदाची, आणि गणपतीच्या तयारीला लागतात. पण पूर कोपरे धूत नाही. आमच्या घाटाखाली थोडी जलपर्णी अडकून राहते आणि मामाच्या वाडीमागे नदी वळते तिथे बरीच. वर दोन्ही गावांच्या नाल्यांचं सांडपाणी तिला खतासारखं मिळतं. दिवाळी होईपर्यंत ती कोपऱ्यातून बाहेर निघते, होळीपर्यंत नदी झाकते. मशीन येतं त्यानंतर. म्हणजे काढायची वेळ गौरी-गणपतीची, आणि त्याच वेळी कुणाला ती दिसत नाही.

हे मी सगळ्यांना समजावलं. आमच्या घाटाखालची आम्ही काढू शकत होतो. मामाच्या कोपऱ्याला मात्र पाण्याकडून जाता येत नव्हतं, प्रवाह जोरात असतो. जायचं तर त्याच्या वाडीतून, आणि वाडीत काकडी आणि दुधी ऐन बहरात. मामाचं म्हणणं साधं होतं. "पन्नास माणसं माझे वेलांवरून नाचणार. उपटलेली घाण माझेच वाडीत टाकणार. आणि होडी कोणाची वाचणार? भावजींची. माझं काय?" ऑफिसात विचारलं तर आमच्याकडचे म्हणाले, तो काठ आमच्या हद्दीत येत नाही. तिकडचे म्हणाले, पावसात कसली जलपर्णी?

मामाचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्यावर उत्तर आईने काढलं, आणि मला न विचारता. आमच्याकडे नुसता गणपती, गौरी मामाकडे. दरवर्षी गौरीच्या जेवणाला आई माहेरी जाते. होडीने पाच मिनिटांचं अंतर. होडी बंद झाल्यापासून पुलावरून वळसा घालून दोन रिक्षा बदलाव्या लागायच्या. त्या वर्षी मीही गेलेले. गौर नेसवून बसवलेली, समोर तिखटाचा, म्हणजे मासळीचा नैवेद्य. पंगत बसली. मामीने आईच्या पानात भात वाढला, कोलंबीचं कालवण वाढलं, वडे वाढले. आईने पानाला हात लावला नाही.

"जेव ना गो," मामी म्हणाली.

"कोलंबी कुठची?"

"बाजारची. दुसरी कुठची असणार?"

"गौर माहेराला आली आणि तिच्या पानात बर्फातली कोलंबी. शोभतं का?"

मामा समोरच होता. "मग मी काय करू? नदीत आहे काय?"

"कोपरा साफ करू दे. मग जेवते."

"हे बघ, सणाचं नाटक नको करूस."

"नाटक करायला मी काय मंडळात आहे? मी गप बसलेय. तू जेव."

कुणी जेवेना. आमच्या भागात माहेरवाशीण गौरीच्या दिवशी भरल्या पानावरून उपाशी उठली, तर भावाला वर्षभर तोंड दाखवायला जागा नसते. लोक विचारतात, बहिणीला घास सोन्याचा लागत होता काय? मामा मला म्हणाला, "तू तरी सांग तुझे आयशीला. शिकलेली ना तू?" मी माझं पान मांडीपासून जरा पुढे सरकवलं. भूक भरपूर लागली होती, हेही सांगते.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. शेजारच्या आळीतला माणूस होता. "दादा, आमची ताई जेवत नाय. म्हणते, तुमच्या कोपऱ्याचा निकाल लावा." तो ठेवतो तोच दुसरा फोन. आमच्या गावात दिलेली प्रत्येक बाई आपापल्या माहेरी पानावर बसून राहिली होती. पूर्ण गावाचं जेवण थंड होत होतं आणि सगळ्यांचं बोट मामाच्या वाडीकडे होतं.

"तुम्ही संगनमत केलंत?" मामाने आईला विचारलं.

"मासे विकताना बायका भेटतात. बोलणं होतं."

मामी हसायला लागली आणि तिने ते लपवलं नाही. मामा उठून ओटीवर गेला. परत आला तो अट घेऊनच. म्हणाला, "वेलांची काकडी आधी उतरवून घेईन. मग या. पण ऐक. वरून तुमच्या गावचा नाला नदीत सोडताय, तो बंद करायचा. नायतर पुढच्या वर्षी मी तुझ्या घरी येऊन उपाशी बसेन."

"आमचा नाला बंद होईल तेव्हा तुमचा पण," आई म्हणाली.

"बरं, आमचा पण. आता जेव बाई."

आई जेवली. कोलंबीला चव नव्हती असंही म्हणाली.

विसर्जनानंतर काकड्या उतरल्या आणि दोन्ही गावचे लोक मामाच्या वाडीत उतरले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, दोर टाकून जलपर्णी ओढायची, कोयत्याने मुळं तोडायची, घमेल्यांनी वर द्यायची. ढीग मामाच्याच वाडीत टाकला, दुसरी जागा नव्हती. मामा रोज एकदा ढिगाकडे बघून शिवी द्यायचा. पुढे त्याने त्यात शेण मिसळून ते कुजवलं आणि वेलांना घातलं. त्याबद्दल काही बोलला नाही. ढाबेवाला ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला. बाबा तेव्हा होडीला डांबर लावत होते. त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "ओली आहे. हात लावू नका." तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

त्या वर्षी होळीला नदी झाकली नाही. कडेकडेने हिरवं दिसायचं, ते लोक काढायचे.

नाल्यांचं काम माझ्या वाट्याला आलं आणि ते मी केलं. ठाण्याहून सुटले की एकदा या ऑफिसात, एकदा त्या ऑफिसात. दोघांची उत्तरं मला पाठ झाली होती, शेवटी मीच त्यांच्याआधी म्हणायचे. खूप मागे लागल्यावर दोन्हीकडचे साहेब एकाच दिवशी नदीवर यायला तयार झाले. पलीकडचा नाला बघायचा तर पुलावरून वळसा. वेळ जाईल म्हणून दोघेही बाबांच्या होडीत बसले. दोन ऑफिसं एका होडीत आम्ही तोपर्यंत बघितली नव्हती. काठावर अर्धं गाव उभं होतं.

मध्यावर आल्यावर एका साहेबांनी विचारलं, "हद्द नेमकी कुठे आहे हो?"

बाबा म्हणाले, "आत्ताच तुमच्या खालून गेली, साहेब."

दुसरे साहेब हसले, मग पहिलेही. एकत्र पाहणी झाली, एकत्र अहवाल झाला. त्यानंतरही नाल्यांचं सांडपाणी नदीऐवजी शुद्धीकरण केंद्राकडे नेणारे पाइप पडायला दोन पावसाळे गेले. आधी आमच्या बाजूचा पाइप जोडला, मग मामाच्या. मामाने फोन करून सांगितलं, "तुमच्याआधी झाला असता, पण खडक लागला." मी हे खरं की खोटं ते तपासलं नाही.

नदी वरपासून खालपर्यंत सुधारली असं मी म्हणणार नाही. आमच्या वरच्या गावांचं पाणी अजून जसं यायचं तसं येतं, आणि पाणी पिण्यासारखं नाही. मी स्वतः तपासते, त्यामुळे अंदाजाने बोलत नाही. बाबांनी वॉचमनची नोकरी सोडली. पहिल्यांदा जाळ्यात मरळ आली ती आईने विकली नाही, पुलावरून न जाता होडीने मामाकडे नेऊन दिली.

आज आमच्या दोन गावांमधला नदीचा पट्टा बारा महिने उघडा असतो. दोन्ही नाल्यांचं सांडपाणी त्यात जात नाही. गौरी गेल्या की दोन्ही काठांचे लोक एकत्र उतरून कोपरे साफ करतात, आणि दोन्ही काठांवरून मासेमारी चालते.